समईचा पंखा

भंडाऱ्याला कुणी फिरायला जातं का? आमच्या वाळव्याकडची माणसं फिरायला निघाली की कोकणात जातात, फार तर गोव्याला. मी गेलो भंडाऱ्याला, आणि तेही फिरायला नव्हे, तोंड दाखवायला. तीन वर्षं चुकवलेलं तोंड होतं ते.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं अडायला नको. आमच्या पोरानं, अमोलनं, लग्न केलं ते भंडारा जिल्ह्यातल्या मुलीशी. दोघं पुण्यात एकाच ठिकाणी नोकरीला. संघमित्रा तिचं नाव, घरात सगळे मित्रा म्हणतात. मुलगी बौद्ध, आम्ही मराठा, आणि मी भावकीच्या तोंडाला भ्यालो. लग्नाला माझी बायको मंगल एकटी गेली. मी साखर कारखान्यात फिटर होतो, बत्तीस वर्षं; ड्युटी आहे म्हणून सांगितलं. त्या दिवशी ड्युटी नव्हती. पुढं सून घरी आली, वावरली, माझी बीपीची गोळी विसरली की पाण्याच्या पेल्यासकट हातात आणून द्यायला लागली, आणि माझा ताठा कधी गळाला ते मलाच कळलं नाही. पण तिच्या माहेरच्या उंबऱ्यावर कोणत्या तोंडानं उभं राहायचं?

यंदा तिला सातवा लागला. डोहाळजेवण माहेरी, रविवारी. मंगलनं फर्मान काढलं, "आम्ही तिघं रविवारी सकाळी पोचतोय. तुम्ही पाच दिवस आधी जायचं. एकट्यानं. आणि ही समई तुमच्या हातानं विहीणबाईंना द्यायची. लग्नातला राहिलेला आहेर आहे." हातभर उंचीची पितळी समई होती, चांगली जड. बॅगेत कपडे खाली, समई वर, आणि तिच्या बाजूला माझी हत्यारांची गुंडाळी. ती गुंडाळी मी कुठंही नेतो. एकदा मयताला नेली होती तर तिरडीचे बांबू कापायला उपयोगी पडली.

तुमसर रोड

उतरायचं होतं भंडारा रोडला. उतरलो तुमसर रोडला. पहाटे जरा डोळा लागला आणि स्टेशन मागं गेलं. फलाटावर एक चहावाला होता, त्यानं माझ्याकडं आणि बॅगेकडं बघितलं.

"कुठी उतराचं होतं काजी?"

"भंडारा रोड."

"ते त मांगं गेलं!"

"झोप लागली."

"मंग झोपाचंच होतं त गोंदियापर्यंत झोपाचं. तिथं गाडीच संपते." असं म्हणून त्यानं मला दुसरा चहा फुकट दिला. आमच्याकडं असल्या प्रसंगी माणूस हसतो आणि निघून जातो. इथं हसतो आणि चहा देतो.

तिथून रिक्षानं तुमसर गाव. गिरण्यांची धुराडी, बाजारात धानाच्या पोत्यांचे डोंगर, आणि हवेत उकडलेल्या भाताचा वास. आमच्या कारखान्याच्या मळीच्या वासानं डोकं धरतं, या वासानं भूक लागली. पोहे खाल्ले, वर चण्याची लालभडक तर्री. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्या घासाला मी आणखी तर्री मागितली. मग भंडारा, आणि भंडाऱ्याहून पवनीच्या रस्त्यानं आसगाव. दोन्ही बाजूंना पळस पेटला होता. बसमधल्या कुणाचं तिकडं लक्षही नव्हतं, मी एकटाच खिडकीला नाक लावून बसलेला.

आसगावच्या पुढे

बस थांबली तर एक बाई मोपेड घेऊन उभ्या. पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला. सुशीलाबाई, आमच्या विहीणबाई. फोटोत पाहिल्या होत्या.

"बसा जी इवाई मांगं. सामान मले द्या." इवाई म्हणजे त्यांच्याकडं व्याही. मी आयुष्यात बाईमाणसाच्या मागं गाडीवर बसलो नव्हतो. बसलो. बॅग पुढं, मी मागं, आणि रस्त्यातला प्रत्येक माणूस थांबून विचारणार, "पाव्हणे काजी?" आणि विहीणबाई प्रत्येकाला ओरडून सांगणार, "मित्राचे सासरे!" एकदाही त्यांनी आवाज खाली केला नाही.

घर पुनर्वसनाच्या वस्तीत. जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. वस्तीपासून चालत पाच मिनिटांवर ते पाणी पसरलेलं, दुसरा काठ धुरकट दिसणारा. बऱ्याच जणांची वाचलेली शेती पलीकडच्या काठाला राहिली. रस्त्यानं जायचं तर दिवस मोडतो. म्हणून विहीणबाईंनी मालक गेल्यावर एक फायबरची बोट घेतली, मागं छोटं इंजिन लावलेलं, आणि माणसं ने-आण करायला लागल्या. तिला सगळे डोंगाच म्हणतात.

जेवायला भात, वाळल्या झिंग्यांची चटणी आणि कोहळ्याची गोड बोंडं. सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात. भाकरी हवी का विचारलं तर तीही तांदळाचीच. मी ज्वारीवर वाढलेला माणूस, पण त्या चटणीपुढं ज्वारीची आठवणही आली नाही. समई द्यायचं तेवढं राहिलं. आता देऊ, मग देऊ करत बॅगेची चेन दोनदा उघडली आणि दोनदा लावली. एवढ्या साध्या माणसापुढं "हा लग्नातला आहेर" असं म्हणायचं कसं?

संध्याकाळी मित्राचा फोन आला. विहीणबाईंनी स्पीकर लावला.

"आई, रविवारी मले डोंग्यात नेशील ना टेकडीवर? बाबाच्या पिंपळाखाली?"

"नेतो ना बाई. त्याचीच त तयारी करून राहिलो."

जुन्या गावातली विहाराजवळची टेकडी तेवढी पाण्याबाहेर राहिली आहे. तिच्यावर मित्राच्या वडिलांनी लावलेला पिंपळ आहे. वडील लग्नाच्या आदल्या वर्षी गेले. पोटुशी पोर दुसरं काही मागत नव्हती. आंबट नको, गोड नको, आईच्या डोंग्यात बसून बापाच्या झाडाखाली चार घास खायचे, एवढाच तिचा डोहाळा.

पाण्याखालची पांदण

बुधवारी सकाळी मी डोंग्यात बसलो. विहीणबाईंनी आधी माझ्या गळ्यात केशरी जाकीट अडकवलं. "इवाई बुडाले त पोरगी मले घरात घेनार नाई," म्हणाल्या. मग दोरी ओढून इंजिन चालू केलं आणि वळवायचा दांडा धरून निघाल्या.

पाणी चहूकडं मोकळं, आरशासारखं. समोर दुसरा काठ दिसत होता. पण डोंगा सरळ जाईना! जरा पुढं गेला, डावीकडं वळला, परत सरळ, मग काटकोनात उजवीकडं. रिकाम्या मैदानात माणूस रांगोळीवरून चालावा तसं.

"सरळ का जात नाही विहीणबाई? काठ तर समोर आहे."

"सरळ कशी जाऊ? इथं खाली केशवची बांधी आहे, धानाची, तिचा बांध उंच. तिकडं विहीर आहे, तिचं तोंड वर आलं आहे. आपन पांदनीनं जाऊन राहिलो."

"पाण्यात कसली पांदण?"

"पानी आता आलं जी. पांदन माह्या सासऱ्याच्या वक्ताची आहे."

मी हसलो. बाईंना सवय आहे, जुनी वाट सुटत नाही, असं मनात म्हणालो. कोणाचं शेत कुठं, कोणाचं मोहाचं झाड कुठं, सगळं त्या पाण्याकडं बघून सांगत होत्या. वर एक खूण नाही.

परत येताना कुणीतरी रोवलेल्या जाळ्याच्या बांबूला पंखा लागला. टक्! इंजिन किंचाळायला लागलं आणि डोंगा जागच्या जागी. त्यांनी इंजिन बंद केलं, प्लगची टोपी काढून ठेवली, इंजिन उलटं करून पंखा पाण्याबाहेर घेतला. स्प्लिट पिन सरळ करून काढली, पंख्यावरची टोपी फिरवून काढली, पंखा ओढला. शाफ्टातून आरपार जाणारी एक पिन असते, तीच पंख्याला फिरवते. ती मधोमध तुटली होती. मलमाच्या डबीतून दुसरी काढली, घातली, पंखा चढवला, सगळं परत बसवलं. पाच मिनिटं. आमच्या कारखान्यातली पोरं एवढ्या वेळात पाना शोधतात.

"रोज तुटते?"

"आठवड्यातून एखांद्या वक्ती."

मी तुटलेला तुकडा हातात घेतला. पितळ! लोण्यासारखं मऊ. माझ्यातला फिटर खवळला. संध्याकाळी गुंडाळी उघडली, जुन्या ड्रिलचा दांडा कापला आणि अंगणात बसून कानशीनं घासून पोलादी पिन तयार केली. अशी बसत होती की बोटानं ढकलावी आणि 'चुक' म्हणून आत जावी.

"घ्या. आता जन्मात तुटणार नाही."

विहीणबाईंनी ती हातात फिरवली. "येवढी कडक चालंल काजी?"

"बत्तीस वर्षं हेच केलंय."

त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. मग जाऊन ती पिन बसवून आल्या.

आता खरं सांगतो. कारखान्यात उसाच्या चरकालाही अशीच पिन असते. मुद्दाम कच्ची ठेवलेली, आत काही अडकलं तर तिनं मोडावं आणि चरक वाचावा म्हणून. हे मला माहीत होतं! शिकाऊ पोरांना मीच शिकवायचो. पण पाहुण्याच्या घरी काहीतरी करून दाखवायची हौस आली की माणसाची अक्कल शेण खायला जाते.

गुरुवार

दुसऱ्या दिवशी पलीकडं माणसं सोडून आम्ही दोघंच परत येत होतो. मी म्हणालो, मला हाणू द्या. त्यांनी दांडा माझ्या हातात दिला आणि पुढं जाऊन बसल्या. दहा मिनिटं शहाण्यासारखा चाललो. वारा गार, बगळे उडतायत, मी स्वतःवर खूष. मग त्या म्हणाल्या, "इथून वळा आता."

"उगाच पेट्रोल कशाला जाळायचं? सरळ जाऊ की."

"इवाई, खाली मोहाचं खोड आहे..."

धाड! इंजिन मागं उसळलं, मी तोंडावर आपटलो, चष्मा डोंग्यात आणि टोपी पाण्यात. पंखा वर घेतला. पिन शाबूत होती. माझी पोलादी पिन, जन्मात न तुटणारी! आणि पंख्याच्या तीन पात्यांतली दोन बुडापासून गेली होती.

विहीणबाईंनी पंखा पाहिला. मग मान वळवून लांबच्या टेकडीकडं पाहिलं, पिंपळाकडं. "मित्राले सांगाव लागंल," एवढंच म्हणाल्या.

मारोती म्हणून एक ढिवर जाळं काढत होता, तो आपला लाकडी डोंगा घेऊन आला आणि आम्हाला दोरीनं ओढत नेलं. "काय झालं सुशीलाबाई? तुमाले त झोपेतही वाट माहीत आहे."

"खोडाले लागलं," त्या म्हणाल्या. कुणी हाणत होतं ते सांगितलं नाही. मारोती काठाला जाईपर्यंत त्यांना चिडवत राहिला, म्हातारपण आलं म्हणाला, आणि त्यांनी ऐकून घेतलं. मी शेजारी बसून मेल्याहून मेल्यासारखा.

मारोतीचा डोंगा मागता आला असता. पण तो अरुंद, हलता. त्यात सातव्या महिन्याची पोर बसवायला विहीणबाई तयार नव्हत्या. फायबरचा डोंगा वल्हवत न्यावा तर टेकडी लांब, आणि दुपारी वारा सुटतो. नागपूरच्या दुकानाला फोन केला. नवा पंखा यायला आठ दिवस. आणि रविवार तीन दिवसांवर.

जेवताना मला राहवेना. "तुम्हाला कळत होतं ना, पिन कडक आहे ते?"

"कळत होतं."

"मग का बसवली?"

त्या भात कालवत होत्या. हात थांबला. "तीन वर्षांत तुमच्या हातून पयली वस्तू आली जी माह्या घरी. नाई कशी म्हनू?"

मी घास पानात ठेवला. बॅगेतली समई आठवली. पण आता ती काढली असती तर नुकसानभरपाई दिल्यासारखी दिसली असती. मी पेला तोंडाला लावून बसलो.

त्यांनीच माझ्या पानात भात वाढला. "खाऊन घ्या. उपाशी बसून पाती फुटत नाई पंख्याले. भंडाऱ्यात पितळ ओतनारे आहेत, घंटा ओततेत. त्याइले पाहून या."

भंडारा

शुक्रवारी पहिल्या बसनं गेलो. रात्र काढावी लागली तर म्हणून बॅग तशीच उचलली. भंडारा पितळेच्या भांड्यांचं जुनं गाव. विचारत विचारत एका बोळात शिरलो आणि ठोक्यांचा आवाज धरून भैयाजींच्या भट्टीवर पोचलो. सत्तरीचे, उघडे, कमरेला पंचा. मी पंखा पुढं ठेवला.

"हे काय होय?"

"बोटीचा पंखा. पितळेत ओतून हवाय. परवा सकाळी लागणार."

"आमी घंटा ओततो, समया ओततो. पंखा त कोनी आनला नाई बा आजपर्यंत." पण हात पंख्यावर फिरायला लागले होते. कारागीर नको म्हणताना हात कुठं ठेवतो ते बघावं. उरलेल्या पात्याचा बाक त्यांनी अंगठ्यानं चाचपला, डोळ्यासमोर धरला, फिरवला. "एक पातं शाबूत आहे त तीन होतेत. मोड आनली का?"

"कसली मोड?"

"पितळ! नवं पाहिजे त जुनं द्याव लागते. आमच्या बापाच्या वक्तापासून असंच आहे. भंगाराचं पितळ कसंही निंगते, त्यात येखादं पातं दगा देईन. घरचं द्या."

मी बॅग उघडली आणि समई काढली.

भैयाजींनी ती उजेडात धरली. "हे त नवी आहे जी!"

"नवीच आहे."

"मंग कायले मोडून राहिले?"

सांगितलं. लग्न, ड्युटी, पिन, खोड, पोरीचा डोहाळा, सगळं. परक्या माणसापुढं सगळं कसं बाहेर पडतं! शेवटी भैयाजींनी पंच्यानं कपाळ पुसलं आणि म्हणाले, "बसा. आनि समई तुमीच तोडा. तुमच्या हाताचं आहे हे काम."

शाबूत पात्याचा त्यांनी ओल्या मातीत ठसा घेतला, त्यात मेण ओतून तशीच दोन पाती काढली आणि तुटक्या खुंटांवर चिकटवली. मग अख्खा पंखा काळ्या रेतीत दाबून दोन पेट्यांत साचा केला. मी करवतीनं समई कापत होतो. दिव्याची वाटी, दांडा, बैठक. मंगलनं ही दुकानात दहा समया पाहून निवडली होती, ते डोळ्यांपुढं येत होतं. संध्याकाळी मूस लाल झाली, तुकडे आत गेले, विरघळले, आणि भैयाजींनी पिवळी धार साच्यात सोडली.

त्यानंतर मी नदीवर जाऊन बसलो. पलीकडं कारध्याची घरं दिसत होती. माणसं पुलावरून घरी चालली होती. मंगलला फोन करायला हवा होता, केला नाही. काय सांगणार, समई भट्टीत घातली?

शनिवारी सकाळी साचा फोडला. रेतीतून सोन्यासारखा पंखा निघाला, अंगावर ओतकामाचे काटे. भैयाजींनी त्याला हातोडीनं हळूच टिचकी मारली. तो घंटेसारखा वाजला. "आवाज साफ आहे. आता घासाचं काम तुमचं," म्हणाले, आणि पिनांसाठी पितळेची एक सळई वर टाकली. ओतणावळीचे पैसे घेतले, सळईचे घेतले नाहीत. "पोरीच्या चोळीले माह्याकडून."

बसमध्ये पंखा टॉवेलात गुंडाळून मांडीवर. कंडक्टरनं वाकून विचारलं, "देव आहे का जी?"

"पंखा आहे."

तो तिकीट फाडून पुढं गेला.

अंगण

दुपारभर विहीणबाईंच्या अंगणात कानस चालली. काटे घासले, पात्यांच्या कडा गुळगुळीत केल्या, शाफ्टाचं भोक बसतं केलं, मागच्या बाजूला पिन बसायची खाच कोरली. मग तोल. दोन खुर्च्या, त्यांवर दोन लोखंडी पट्ट्या उभ्या कडेवर, पंख्यात गज घालून तो पट्ट्यांवर ठेवला. जड पातं आपोआप खाली येतं. ते घासायचं, परत ठेवायचं, परत घासायचं. विहीणबाई मोहफुलं वाळत घालता घालता येऊन बघून जायच्या. "अजून खाली येऊन राहिलं," असं सांगायच्या, जसं मला दिसत नव्हतं! शेवटी पंखा जिथं सोडावा तिथंच थांबायला लागला.

तेव्हा त्यांनी विचारलं, "पितळ कोनाचं दिलं जी?"

"होतं माझ्याकडं."

"कायचं?"

लपवून काय करता? "समई होती. तुमच्यासाठी आणलेली. लग्नातला राहिलेला आहेर."

त्यांनी फुलांची टोपली खाली ठेवली, पंख्यापाशी आल्या आणि दोन्ही हातांनी तो उचलला. किती जड आहे ते पाहिलं असावं. बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाल्या, "चला, आहेर बसवून पाहू."

शाफ्टावर जुन्या जाळ्याचा नायलॉनचा धागा गुंडाळला गेला होता, तो काढला. ग्रीस लावलं. सळईतून दहा पिना कापल्या होत्या, मऊ पितळेच्या, त्यातली एक घातली. पंखा, टोपी, स्प्लिट पिन. प्लगची टोपी परत बसवली. इंजिन सुरू झालं आणि डोंगा सुळकन निघाला. जरा थरथरत होता, पण चालत होता! मी काठावरून असा ओरडलो की वस्तीतली कुत्री भुंकायला लागली.

टेकडी

रविवारी पोरं आली. डोंग्याला आंब्याची पानं आणि पळसाची फुलं बांधली होती. मित्रा हिरव्या साडीत, वर केशरी जाकीट. आधी घरी बुद्धवंदना झाली, मग आम्ही पाच जण निघालो. डबे मांडीवर, विहीणबाई दांड्यावर, मी त्यांच्याजवळ मागं.

मंगलनं पाणी ओलांडायच्या आतच विषय काढला. "विहीणबाई, समई आवडली ना?"

मी मारोतीच्या जाळ्याकडं बघायला लागलो.

"आवडली ना जी," विहीणबाई म्हणाल्या. "पान्यात फिरून राहिली."

मग सगळं सांगावं लागलं. अमोल इतका हसला की डोंगा हलला. मंगलनं कपाळावर हात मारला. मित्रा हसली नाही. तिनं मागं वळून विचारलं, "आई, हे सगळं माह्यासाठी?" आणि डोळे पुसले.

टेकडी निम्म्यावर आली असेल. टक्! इंजिन किंचाळलं. पाणी दोन बोटं उतरलं होतं आणि कुठल्यातरी बांधाचं टोक पंख्याला लागलं होतं. मित्रानं पोटावर हात ठेवला. विहीणबाईंनी शांतपणे इंजिन बंद केलं आणि मलमाची डबी माझ्यापुढं धरली. "तुमचं काम आहे इवाई."

मी प्लगची टोपी काढली, इंजिन उलटलं. पंखा वर आला, पाणी निथळत, तिन्ही पाती जागच्या जागी, एक ओरखडासुद्धा नाही. पिन तेवढी मधोमध तुटलेली. ओणवा होऊन सगळं काढलं, नवी पिन घातली, परत बसवलं. सगळ्यांकडं माझी पाठ होती. तोंड दिसत नसताना माणसाला बरंच बोलता येतं.

"विहीणबाई, लग्नाला यायला पाहिजे होतं मी."

पाणी डोंग्याला चापट्या मारत होतं.

"आता आले ना," त्या म्हणाल्या. "बसा, डोंगा डुगडुगून राहिला. आनि दांडा तुमीच धरा."

मी दांडा धरला. पिंपळ समोर स्पष्ट दिसत होता, त्याची पानंसुद्धा हलताना दिसत होती. मी डोंगा डावीकडं वळवला.

"अहो, तिकडं कुठं?" मंगल म्हणाली. "झाड तर समोर आहे. सरळ चला की."

"सरळ कसं जाऊ?" मी म्हणालो. "खाली केशवची बांधी आहे."